‘मी धरून देते’: जपानी ‘आगेरु’चं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं. लिहायला तिची हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील मात्र मी बदलले आहेत. वय २७, मेकॅनिकलची पदवी, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी. मूळ कंपनी जपानी, म्हणून नोकरी सांभाळून तीन वर्षं ती माझ्या जपानीच्या संध्याकाळच्या वर्गाला येत होती. शिफ्ट सुटली की थेट बसनं, युनिफॉर्मवरच. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी तिनं पहिल्या फटक्यात काढली.

या परीक्षेच्या पाच पातळ्या. एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं हे सगळं त्यात असतं. बोलणं नसतं. दिलेल्या पर्यायांतला एक गोल काळा करायचा. हे इथेच नोंदवून ठेवते, पुढे लागणार आहे.

एप्रिलमध्ये कंपनीनं तिला १० महिन्यांसाठी जपानच्या आइची प्रांतातल्या कारखान्यात धाडलं. तिकडे एप्रिल म्हणजे आर्थिक वर्षाची सुरुवात. नवी भरतीही त्याच महिन्यात रुजू होते, त्यामुळे नवख्यांच्या रांगेत हीसुद्धा. तिला ज्यांच्या हाताखाली दिलं ते तपासनीस साठी ओलांडलेले, निवृत्त होऊन त्याच जागी पुन्हा कामावर घेतलेले. आमच्या रविवारच्या फोनवर त्यांचं नाव ‘काका’ पडलं. इथेही तेच ठेवते. फोन आमच्या साडेचारला, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे आठ.

काय बिघडलं

पहिला महिना मजेत गेला. काका कमी बोलायचे, पण काही दाखवायचं असलं की ‘कोरे, मिते’ म्हणून हाक मारायचे. ‘हे बघ’. अगदी साधं, घरातलं बोलणं.

मे महिन्यात एका सकाळी काका नमुन्यांचे दोन क्रेट एकावर एक रचून जिन्याकडे निघाले होते. ही धावत गेली आणि म्हणाली, ‘मोत्ते आगेमास.’ शब्दाला शब्द लावला तर ‘मी धरून देते’. काका क्षणभर थांबले, हसल्यासारखं केलं, ‘इया, दाइजोबु’ म्हणाले आणि क्रेट घेऊन निघून गेले. नको, ठीक आहे. तिला वाटलं, स्वाभिमानी माणूस आहे.

दुसरा प्रसंग सकाळच्या उभ्या बैठकीतला. चोरेइ म्हणतात तिला. प्रत्येकानं मिनिटभर काहीतरी बोलायचं. हिनं काकांचे आभार मानायचे ठरवून रात्री वाक्य पाठ केलं होतं. काकांनी मला गेज वाचायला शिकवलं. क्रियापद वापरलं ‘ओशिएमाश्ता’, म्हणजे ‘शिकवलं’. व्याकरणात खोट नाही. पण आभार त्यात कुठेच नव्हते. ऐकणाऱ्यांच्या कानावर पडली ती फक्त माहिती, हजेरीपटावर नोंद करावी तशी.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्याचा मराठी मसुदा मला ऐकूच येतो. विभागप्रमुखांनी विचारलं, हा अहवाल उद्यापर्यंत होईल का? चाकणला असती तर ती म्हणाली असती, ‘हो सर, मी त्यांच्याकडून करून घेते.’ रोज म्हणतो आपण हे. तिनं तेच जपानीत म्हटलं: ‘यात्ते मोराइमास.’ काका शेजारीच उभे होते.

कोणी काही बोललं नाही. बदललं ते एवढंच, की काकांचं बोलणं सभ्य झालं. ‘कोरे, मिते’ गेलं आणि शेवटी ‘देस’, ‘मास’ लागलेली पूर्ण वाक्यं आली. ती मला फोनवर म्हणाली, ‘सेन्सेई, ते मला अगंवरून अहोवर आलेत. मी काय केलं?’

मलाही लगेच कळलं नाही, हे कबूल करायला हवं. मी म्हणाले, कामाचा ताण असेल, लक्ष देऊ नकोस. दोन रविवार मी हेच सांगत राहिले. खरं तर तेव्हाच मी ‘तू नेमकं काय बोललीस, शब्दन् शब्द सांग’ असं विचारायला हवं होतं. मी विचारत होते, ‘काय झालं?’ आणि ती घडलेलं मराठीत सांगत होती. मराठीत सांगितलं की चूक दिसतच नव्हती.

जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिच्याच वयाच्या एका जपानी सहकारी मुलीनं विषय काढला. म्हणजे अर्धाच काढला. ‘आगेरु वा… चोत्तो…’ चोत्तो म्हणजे ‘जरा’. जपानी माणूस ‘जरा’ म्हणून थांबला की उरलेलं वाक्य आपण पुरं करायचं असतं. हिला ते जमेना, तेव्हा ती मुलगी आणखी हळू आवाजात म्हणाली, ‘उए कारा.’ वरून. पूर्ण शब्दप्रयोग ‘उए कारा मेसेन’, वरून खाली टाकलेली नजर.

चूक नेमकी कुठे होती

मराठीत ‘देणे’ दोन्ही दिशांना चालतं. मी त्याला दिलं, त्यानं मला दिलं. जपानीत आधी दिशा ठरते. माझ्याकडून, किंवा माझ्या माणसांकडून, बाहेर जातं ते ‘आगेरु’. बाहेरून माझ्याकडे येतं ते ‘कुरेरु’. घेणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं असेल तर ‘मोराउ’. माझ्या बहिणीला शेजाऱ्यांनी काही दिलं तरी ‘कुरेरु’च, कारण बहीण कुंपणाच्या आत आहे. हे आत-बाहेर म्हणजे ‘उचि’ आणि ‘सोतो’. (गंमत अशी की प्रमाण जपानीत इतकं ताठ असलेलं ‘कुरेरु’ काही प्रांतांच्या बोलींत दोन्ही दिशांना चालतं, आपल्या ‘देणे’सारखं.)

इथपर्यंत तिला सगळं येत होतं. एन-३च्या पोरीला यात चकवता येत नाही. घोळ पुढच्या मजल्यावर होता. हीच क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला जोडली की वस्तूऐवजी कृतीची देवघेव होते. वाचून देणे, धरून देणे, शिकवून देणे. मराठीला ही रचना ओळखीची, म्हणून वर्गात ती आनंदानं उचलली जाते. ‘मला पाणी आणून दे’ हे मराठी मुलाला समजावावं लागत नाही.

पण ‘-ते आगेरु’ (‘-ऊन देणे’) म्हणजे ‘तुझ्या भल्यासाठी मी हे करते आहे’ अशी जाहीर नोंद. मित्रानं मित्राला म्हटलं, आईनं लेकराला म्हटलं, तर त्यात माया असते. वडीलधाऱ्याच्या तोंडावर म्हटलं की उपकार मोजल्यासारखे वाटतात. जपानीत यासाठी एक झकास विशेषण आहे: ओनकिसेगामाशी. ‘ओन’ म्हणजे उपकार, ‘किसेरु’ म्हणजे कपडा अंगावर चढवणे. समोरच्याला न विचारता उपकाराचं पांघरूण घालणारा. जिन्यात काकांच्या अंगावर तेच पडलं होतं.

खुद्द ‘आगेरु’चा इतिहास पाहिला तर हे अन्यायाचं वाटेल. त्याचा मूळ अर्थ वर उचलणे. हात वर करणे यालाही हेच क्रियापद. वरच्या माणसाला द्यायचं म्हणून हात वर न्यायचे, अशी त्यातली नम्रता. वापरून वापरून ती झिजली आणि शब्द बरोबरीचा झाला. बाकीच्या भावंडांतही उंची लपलेली आहे. ‘कुदासारु’, म्हणजे मोठ्यांनी देणे, याचं नातं ‘उतरणे’ या क्रियापदाशी. पहिल्या दिवशी सगळे ‘प्लीज’ म्हणून घोकतात ते ‘कुदासाइ’ याचंच रूप. आणि ‘इतादाकु’ म्हणजे डोक्यावर घेणे. ‘इतादाकि’ म्हणजे शिखर. देवळातला प्रसाद आपण कपाळाला लावून मग तोंडात टाकतो, ती कृती त्या एका शब्दात बसलेली आहे. जेवणाआधी जपानी माणूस ‘इतादाकिमास’ म्हणतो ते हेच.

आता खरा प्रश्न: ‘मोत्ते आगेमास’ तिच्या तोंडी आलं कुठून? मी सुरुवातीला सरळ मराठीवर खापर फोडलं. मग तिला विचारलं, पुण्याच्या बसमध्ये एखादे काका पिशव्या घेऊन चढले तर तू काय म्हणशील? ती पटकन म्हणाली, ‘द्या इकडे काका, मी धरते.’

‘मी धरते.’ ‘धरून देते’ नव्हे. मराठीनं तिला बरोबर वाक्य दिलं होतं. ते तसंच्या तसं नेलं असतं तर ‘ओमोची शिमास’ झालं असतं, आणि जपानीत तिथे तेच म्हणतात. ‘धरून देते’ हे आमच्या वर्गातून गेलं. पुण्यातल्या बऱ्याच वर्गांत चालणाऱ्या ‘मिन्ना नो निहोंगो’त आगेरु-मोराउ ७व्या धड्यात येतात, कुरेरु आणि या जोडक्रिया २४व्यात, इतादाकु-कुदासारु ४१व्यात. पुस्तकाची यात चूक नाही. पायरी पायरीनं चढायला हे ठीकच. पण २४वा धडा शिकवताना मी फळ्यावर दोन माणसं आणि एक बाण काढते. देणारा, घेणारा, दिशा. तिसरा माणूस, म्हणजे ऐकणारा, माझ्या चित्रात कधीच नव्हता. ‘मी आजीला पत्र वाचून दाखवलं’ हे मैत्रिणीला सांगताना ‘-ते आगेरु’ चालून जातं. तेच आजीच्या तोंडावर म्हणायचं नसतं. परीक्षेला मात्र बाण पुरतो.

दुसरी चूक वेगळ्या मुळातली. ‘त्यांनी मला शिकवलं’ हे मराठी वाक्य पूर्ण आहे. कृतज्ञता आवाजात असते, हवं तर पुढे ‘आभारी आहे’ असतं. जपानीत ती क्रियापदाच्या शेपटीत लागते. ‘ओशिएते कुरेमाश्ता’, त्याहून आदरानं ‘ओशिएते इतादाकिमाश्ता’. शेपूट गाळली की वाक्य कोरडं पडतं. इथे मात्र मराठीच आड आली.

तिसरीतही. ‘करून घेणे’ आणि ‘-ते मोराउ’ यांचा सांगाडा एक, पण जीव वेगळा. आपल्या ‘करून घेते’त लगाम माझ्या हातात असतो. ‘यात्ते मोराउ’मध्ये घेणारा ऋणी असतो, पण तेच भविष्याबद्दल ठामपणे सांगितलं की हुकूम होतो. घडून गेलेल्यासाठी आभार, घडायच्या गोष्टीसाठी आज्ञा. तिथे ‘ओनेगाइ शिते मिमास’, विनंती करून बघते, एवढंच हवं होतं.

समोर असलेले पर्याय

जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

पहिला पर्याय तिचाच: सातही क्रियापदांचा तक्ता नव्यानं पाठ करायचा. आगेरु, साशिआगेरु, यारु, कुरेरु, कुदासारु, मोराउ, इतादाकु. इंजिनीअर लोकांना तक्त्याचा मोह फार. मी नको म्हणाले. तक्ता तिला येतच होता. शिवाय तक्त्यात ‘मोठ्यांना देणे = साशिआगेरु’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून ती उद्या ‘मोत्ते साशिआगेमास’ म्हणाली असती. कपडा रेशमी झाला असता, पण पांघरूण उपकाराचंच.

दुसरा: ऑफिसात इंग्रजी बोलायचं. तिच्या भारतातल्या वरिष्ठांनीच हे सुचवलं होतं. चूक टळली असती. पण काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि तिथे शिकण्यासारखं जे होतं ते सगळं काकांच्या हातात होतं.

तिसरा: काकांची माफी मागायची. याकडे माझा कल होता. मी मसुदाही लिहून दिला, चांगलं अर्धं पान. तिनं तो त्या सहकारी मुलीला दाखवला. ती घाबरली. म्हणाली, असं पत्र दिलंस तर ‘मला राग आला होता’ हे त्यांना कबूल करावं लागेल. त्यांची पंचाईत होईल. मला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. मसुदा बाजूला पडला.

चौथा पर्याय उरला तो साधा: ‘-ते आगेरु’ महिनाभर बंद. मदत करायची तर थेट ‘करते’, नम्र रूपात. आणि त्याच वेळी ‘कुरेरु’ची बाजू भरायची, कारण देण्यापेक्षा मिळालेलं सांगण्यात ती कमी पडत होती.

काय केलं

बंदीचा भाग सोपा होता. तीन वाक्यं तिनं फोनच्या कव्हरमागे चिकटवली: धरते, पाठवते, कळवते. ओमोची शिमास, ओओकुरि शिमास, ओशिरासे शिमास. ईमेलमध्ये तिनं आधी ‘फाइल पाठवून दिली’ या चालीवर ‘ओकुत्ते आगेमाश्ता’ लिहिलेलंही सापडलं, एकदा नव्हे, चारदा. मराठीत ‘पाठवून दिली’ म्हणजे काम उरकलं, त्यात उपकार नाहीत. जपानीत ती चार पत्रं वाचून लोकांना काय वाटलं असेल ते असो.

वहीचा भाग अवघड. रोज रात्री तीन ओळी. आज माझ्यासाठी कोणी काय केलं. शेवटी कुरेता, मोरात्ता किंवा इतादाइता आलंच पाहिजे. पहिल्या आठवड्यातली एक नोंद अशी: ‘कँटीनच्या बाईंनी मांस नसलेलं काय ते बोट करून दाखवलं (कुरेता). बसवाल्यानं थांबून घेतलं (कुरेता). आज तिसरं काही नाही.’ दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तिसरं होतं. तिच्या टेबलावरचं तुटलेलं स्टँड कोणीतरी न सांगता बदललं होतं. वाक्य पुरं करायला हवं म्हणून दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागत. व्याकरणाच्या सरावाचा हा फायदा मी आधी धरला नव्हता.

काकांच्या बाबतीत तिनं माफीऐवजी मागणी केली. जुलैत एक दिवस व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात घेऊन ती त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘मला वाचता येतं, पण माझं आणि तुमचं माप रोज थोडं वेगळं येतं. ओशिएते इतादाकेमासेन का?’ शिकवण्याची कृपा मला मिळू शकणार नाही का, अशी त्या वाक्याची घडण. मराठीत ओढूनताणून होतं, जपानीत रोजचं आहे. काकांनी तिचा अंगठा बघितला. जबडे बंद करताना ती जोर देत होती. त्यांनी तिच्या अंगठ्यावर स्वतःचं बोट ठेवून किती हलकं ते दाखवलं. पुढच्या चोरेइत तिनं तेच सांगितलं, या वेळी ‘इतादाकिमाश्ता’ लावून. काका जमिनीकडे बघत उभे होते, असं ती म्हणाली.

काय झालं

ऑगस्टच्या ओबोनच्या सुट्टीनंतर ‘कोरे, मिते’ परत आलं. वाक्याच्या शेवटचे ‘देस-मास’ गळायला लागले. तिच्या दृष्टीनं प्रकरण तिथे मिटलं.

पण सरळ रेषेत नाही. सप्टेंबरपर्यंत ती दुसऱ्या टोकाला गेली होती. सगळीकडे इतादाकु. धाकट्या भावानं व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपचं काहीतरी सांगितलं, ते तिनं सहकाऱ्यांना ‘भावाकडून मदत इतादाकिमाश्ता’ असं सांगितलं. टेबलावर हशा. स्वतःच्या भावाचा प्रसाद कोणी कपाळाला लावत नाही. हे गमतीत गेलं. दुसरं नाही गेलं. ग्राहक कंपनीचे लोक आले असताना तिनं आपल्याच विभागप्रमुखांबद्दल ‘बुचोंकडून शिकायला इतादाकिमाश्ता’ म्हटलं. बाहेरच्यासमोर आतला माणूस, मग तो कितीही मोठा असो, खाली घ्यायचा असतो. तिथे ‘मोराइमाश्ता’ पुरे होतं.

मराठी माणसाला हे पचायला खरंच जड. आपला आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब ऑफिसात ‘आले’, शेजाऱ्याला सांगताना ‘आले’, कलेक्टरसमोरही ‘आले’. बाबा घरात ‘तुम्ही’ असतील तर जगात कुठेही ‘आमचे बाबा म्हणाले’. जपानीत तोच बाप, आपण कोणासमोर बोलतोय त्यावर, वर-खाली होतो. पुन्हा तोच ऐकणारा, माझ्या फळ्यावर नसलेला.

(‘सासेते इतादाकिमास’, म्हणजे ‘करू देण्याची कृपा घेते’, हे मात्र ती अजून जागोजागी वापरते. मी टोकत नाही. त्याच्या अतिवापरावर जपानी लोक स्वतःच कुरकुरतात आणि स्वतःच तो करतात.)

जानेवारीत परत यायच्या आदल्या दिवशी काकांनी खिशातून कापडात गुंडाळलेलं स्वतःचं जुनं व्हर्निअर काढून तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, ‘कोरे, यारु यो.’ तक्त्यात ‘यारु’च्या समोर लिहिलेलं असतं: कनिष्ठांना, जनावरांना, झाडांना देणे. हल्ली पुष्कळ जण कुंड्यांना पाणी घालतानाही ‘यारु’ टाळून ‘आगेरु’ म्हणतात, इतका तो शब्द खरखरीत वाटतो. ‘घे, तुला.’ तिनं दोन्ही हात पुढे केले.

त्या रात्री तिनं मला मेसेज केला: ‘सेन्सेई, वहीत कुदासात्ता लिहू की कुरेता?’ मी म्हटलं, वही तुझी आहे. तिनं ‘कुरेता’ लिहिलं. घरातलं रूप.

पुन्हा वेळ आली तर

तिचं म्हणणं, पहिल्या ‘दाइजोबु’लाच तिनं कोणाला तरी विचारायला हवं होतं. मला ते फारसं पटत नाही. नकार आणि नाराजी यांतला फरक दीड महिन्यात परक्या भाषेत ओळखणं कठीण. मे महिन्यात पकडता येण्यासारखी गोष्ट एकच होती: काकांची भाषा सभ्य झाली हे तिच्या लगेच ध्यानात आलं होतं, आणि तिनं ते मला सांगितलंही होतं. बोलण्याचा दर्जा वर सरकला म्हणजे अंतर वाढलं, ही खूण मी शिक्षक असून दुर्लक्षिली. यापुढे बाहेर गेलेल्या कोणाही विद्यार्थ्याला मी आधी झालेला संवाद जपानीतच लिहून पाठवायला सांगते. मराठीतला वृत्तान्त नंतर.

बंदीची मुदतही मी बेताची ठेवली असती. महिनाभर ‘-ते आगेरु’ पूर्ण बंद केल्यामुळे ते जिथे शोभतं तिथेही तिच्या तोंडी येईना. सहकारी मुलीचा लहान मुलगा चित्रांचं पुस्तक घेऊन आला, तेव्हा ‘योंदे आगेरु’, चल वाचून दाखवते, हे तिला सुचलंच नाही. ‘मी वाचन करते’ असं काहीसं सभ्य बोलून बसली. मुलगा आईकडे गेला.

आणि फळा. २४व्या धड्याला मी आता तीन खुर्च्या मांडते. एक जण पिशवी उचलतो, एकाची पिशवी उचलली जाते, तिसरा नुसता ऐकतो. मग तिसऱ्या खुर्चीतला माणूस बदलायचा. कधी आजी, कधी साहेब, कधी ग्राहक, कधी पिशवीचा मालकच. प्रत्येक वेळी वाक्याची शेपूट बदलते आणि वर्गात भांडणं होतात. याला दोन तास जातात, जुलैची परीक्षा तोंडावर असते, आणि मागच्या तुकडीतल्या एकानं तोंडावर विचारलं की हे परीक्षेत येतं का. नाही येत. तास मी तरीही घेतला, पण कांजीचा, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांचा, एक तास कापून, आणि त्या तुकडीची कांजी थोडी कच्ची राहिली आहे.